उष्टी काढण्याची विद्या

एखाद्याच्या दैन्याची परिसीमा सांगावयाची असली म्हणजे आपण मराठीत म्हणतो, "बिचाऱ्याला लोकांची उष्टी काढून पोट भरावे लागते." त्याच्यापुढे अधिक काही सांगावे लागत नाही. उपाशी राहणे हे दुर्दैव खरे, पण उष्टी काढणे ही त्याहून खालची पायरी, असा काहीसा भाव त्या शब्दांत मुरलेला आहे. म्हणून माझ्या भाचीने २०२२ साली बारावीची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन स्वित्झर्लंडमधील लोझान येथील हॉटेलविद्यालयात जाण्याचा मनोदय बोलून दाखविला, तेव्हा आमच्या फोंड्याच्या घरात जी शांतता पसरली ती अभिनंदनाची नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. आमची आई, म्हणजे तिची आजी, तेवढी बोलली. ती म्हणाली, "एवढे शिकून उष्टी काढायला साता समुद्रापलीकडे कशाला जायला हवे? येथे काय कमी पडतात?"

आजीच्या या प्रश्नात थट्टा अर्धी आणि दुःख अर्धे होते. दुःखाला कारणही होते. परदेशी विद्यार्थ्याचा तेथील चार वर्षांचा खर्च रुपयांत मांडला तर तो एक कोटीच्या पुढे जातो. माझ्या मेहुण्यांकडे तेवढी रोकड असण्याचे कारण नव्हते. त्यांच्याजवळ होते ते समुद्राच्या बाजूचे वडिलार्जित माडांचे भाट. ते त्यांनी विकले. घेणाराने तेथे पुढे काय बांधले हे गोव्यातील श्रोत्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. तात्पर्य, हॉटेलासाठी भाट गेले आणि भाटाच्या पैशावर मुलगी हॉटेलचे शास्त्र शिकावयास गेली.

आता हे विद्यालय आहे तरी काय, ते थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडीचे फाटे डोंगरांत शिरू लागले आणि इंग्रज, रशियन, अमेरिकन श्रीमंत मंडळी हवापालटासाठी स्वित्झर्लंडच्या सरोवरांकाठी व पर्वतांवर लोटू लागली. जागोजागी प्रचंड हॉटेले उठली. परंतु त्यांत राबणारी माणसे शिकणार कोठे? तोवर ही विद्या उमेदवारीने मिळत असे. पोऱ्याने भांडी घासावीत, जोडे पुसावेत, मार खावा, आणि नजरेने जे टिपता येईल ते टिपावे. हॉटेलांच्या जगात ज्याचे नाव पुढे दंतकथेसारखे झाले तो सेझार रिट्झ याच शाळेतला. १८५० साली एका डोंगरी खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी, तेरावे अपत्य म्हणून तो जन्मला. पॅरिसमध्ये त्याने वाढप्याचे काम केले, आणि १८९८ साली त्याच शहरात स्वतःच्या नावाचे हॉटेल उघडले. पण सगळेच काही रिट्झ होत नाहीत. हॉटेलवाल्यांची संघटना स्वित्झर्लंडमध्ये १८८२ मध्येच स्थापन झाली होती. तिच्यातील झाक चुमी नावाच्या गृहस्थाने १८९३ साली लोझानच्या उशी बंदरावर, एका हॉटेलाच्याच जागेत, वर्ग सुरू केला. हॉटेलचालनाचे पद्धतशीर शिक्षण देणारी ही जगातील पहिली शाळा मानतात. १९७५ मध्ये ती शहराच्या वरच्या अंगाला, शाले-आ-गोबे या रानालगतच्या जागी गेली. आज तिची एक शाखा सिंगापूरलाही आहे; ती २०२१ मध्ये उघडली.

मुलाकडे जर्मनीस गेलो होतो, तेथून डिसेंबर २०२२ मध्ये मी लोझानला आठ दिवस राहून आलो. भाचीला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. लोझान हे गाव म्हणजे एक मोठा उतार आहे. खाली सरोवर, वर रान, आणि मधल्या चढावर सारी वस्ती. खालून वर जाण्यासाठी रबरी चाकांची एक छोटी भुयारी गाडी आहे. ती २००८ पासून चालू आहे. तिच्यात उभे राहिलो तर आपण गाडीत आहोत की जिन्यावर, असा प्रश्न पडतो. खाली उशीला पाऊस होता. गाडीतून उतरून बसने पुढे शाळेपर्यंत, म्हणजे साडेआठशे मीटरांच्या आसपास, जाऊन पोहोचलो तो घोट्यापर्यंत बर्फ. रात्री या गावातील जुन्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यावरून एक राखणदार दहा ते दोनपर्यंत दर तासाला चारी दिशांना हाळी देतो. ही चाल १४०५ पासून चालत आली आहे, आणि २०२१ पासून त्या कामावर एका स्त्रीचीही नेमणूक झाली आहे. हे विषयांतर झाले, पण झोप न येणाऱ्या माणसाला त्या हाळीची फार सोबत वाटते म्हणून सांगितले.

शाळेच्या दारात शिरताच पहिले आश्चर्य वाटले ते वेषाचे. अठरा-एकोणीस वर्षांची शेकडो मुले-मुली, आणि सगळी एखाद्या पेढीच्या संचालक मंडळाच्या बैठकीस निघाल्याप्रमाणे कोट, टाय, चकचकीत बूट अशा थाटात. फाटक्या विजारी आणि रबरी चपला हे जे आजचे विद्यार्थ्यांचे जागतिक चिन्ह, ते तेथे औषधालाही नाही. शंभराहून अधिक देशांची ही मुले. चेहरे सगळे वेगळे आणि कपडे सगळे सारखे. भाची मला घ्यावयास आली तेव्हा मी तिला ओळखले नाही. तिने मात्र प्रथम माझ्या ओल्या बुटांकडे पाहिले. पुढे कळले की पाहुण्याच्या पायांकडे पाहावयास तेथे शिकवितातच. त्यावरून तो किती दमला आहे हे समजते.

चार वर्षांच्या शिक्षणक्रमातले पहिले वर्ष ही तयारी. त्यातले निम्मे विद्यालयात हाताने काम करण्याचे आणि निम्मे बाहेर कोठल्या तरी हॉटेलात उमेदवारीचे. विद्यालयातील स्वयंपाकघरे, भोजनगृहे, खोल्यांची व्यवस्था, स्वागतकक्ष यांतून मुलांना पाळीपाळीने जावे लागते. आज जो जेवावयास बसला तो उद्या वाढावयास उभा. परवा तोच मोरीत. विद्यार्थ्यांत पुष्कळशी मुले हॉटेलमालकांची. ज्याच्या बापाच्या मालकीची चार-चार हॉटेले आहेत असा एक मुलगा भाचीच्या गटात होता. पहिल्या आठवड्यात त्याच्या वाट्यास मोठी पातेली घासणे आले. "मामा, त्याला घासणी कोणत्या बाजूने धरायची हे ठाऊक नव्हते," भाची म्हणाली. "मी शिकवले. आजीने मला शिकवले होते ना!"

स्वयंपाकघरात त्यांचे पहिले सूत्र असे की चूल पेटविण्यापूर्वी प्रत्येक वस्तू कापून, मोजून, आपल्या जागी हवी. याला ते फ्रेंचमध्ये "मीझ आं प्लास" म्हणतात, म्हणजे जागच्या जागी ठेवणे. आपल्याकडे भटजी आसनावर बसण्यापूर्वी पूजेची उपकरणी, फुले, गंध, समया, पंचामृत सारे हाताशी मांडून ठेवतात, तसाच हा प्रकार. गाजराचे दोन-तीन मिलिमीटरांचे चौकोनी तुकडे करावयाचे, आणि ते सगळे सारखे हवेत. का, तर सारखे तुकडे सारख्या वेळात शिजतात. त्या तुकड्यांपायी आमच्या भाचीची तीन बोटे कापली होती. मी हळहळलो, ती म्हणाली, "तीनच. इतरांची पाच-पाच कापली आहेत."

मला सर्वांत अधिक विचारात पाडले ते स्वच्छतेच्या धड्यांनी. कच्चे मांस कापावयाची फळी निराळ्या रंगाची, भाजीची निराळ्या रंगाची. स्नानगृहाचे फडके निराळे, आरशाचे निराळे, शौचकूपाचे निराळे. एकाचे काम दुसऱ्याने केलेले चालावयाचे नाही. शिजलेले अन्न पाच ते साठ अंशांच्या दरम्यान रेंगाळता कामा नये, कारण त्याच उबेत जंतू माजतात. हात धुतल्यावर केसांना हात लागला तर पुन्हा धुवावयाचे. हे ऐकत असताना माझ्या डोळ्यांपुढे एकदम आमच्या घरातले जुने सोवळे उभे राहिले. दांडीवर काठीने वाळत घातलेले धाबळीचे वस्त्र, आणि "शिवू नको" म्हणून पोरांवर ओरडणारी आमची आजी! मी भाचीला तसे म्हटले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आहे खरे तसेच. पण येथे फडके ओवळे होते, मामा. माणूस होत नाही."

या एका वाक्यावर मी पुढले दोन दिवस घालविले. आमच्या त्याच घरात, त्याच सोवळ्याच्या दिवसांत, पत्रावळी उचलावयास मागल्या दाराने एक बाई येत असे. तिला आम्ही नावाने हाक मारीत असू. पण ती जेवते केव्हा आणि कोठे, हे मी कधी पाहिल्याचे मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी, विद्यार्थी चालवितात अशा तेथील एका भोजनगृहात मी जेवावयास गेलो. (तेथील विद्यार्थ्यांच्या एका भोजनगृहाला २०१९ साली मिशलॅं मार्गदर्शिकेचा तारा मिळाला आहे. तेथे भाव चढे असतात. मी गेलो ते साधे.) वाढावयास कोण येणार हे मला ठाऊक नव्हते. काळ्या पोषाखात, केस घट्ट बांधून, पाठ ताठ ठेवून आली ती माझी भाचीच. तिने मला मामा म्हटले नाही. इतर टेबलांवरील गृहस्थांना म्हणत होती तसेच मलाही "मस्य" म्हणाली. पदार्थांची नावे सांगितली, कशात काय आहे ते सांगितले, पाणी ओतले. तिच्यामागे चार पावलांवर शिक्षक उभे होते. माझा घास घशात अडकत होता. आमच्या घरात भाचीकडून उष्टे ताट उचलून घेत नाहीत. लहानपणी ती उचलू लागली तर आई तिच्या हातून काढून घेई. जेवण आटोपल्यावर मी ताटाला हात घालू लागलो. ती किंचित वाकून, ओठ न हलविता, मराठीत म्हणाली, "मामा, हात काढ. माझे गुण जातील."

मी हात काढला. तिने उजव्या बाजूने ताट उचलले, दुसऱ्या हातावर घेतले, काटा-सुरी त्यावर आडवी लावली, आणि शेजारच्या दोघांची ताटे त्याच हातावर रचून ती निघून गेली. एवढ्या हालचालीत कोठे आवाज झाला नाही, आणि माझ्या मनात वर्षानुवर्षे ज्या गोष्टीची शिसारी बसली होती ती गोष्ट तेथे मला दिसलीच नाही. दिसले ते एक कौशल्याचे काम.

येथवर ऐकून श्रोत्यांना वाटेल की मी त्या विद्यालयाचा भाट झालो. तसे नाही. माझ्या मनात एक शंका राहिली आणि ती मी भाचीजवळ बोललो. ही मुले सहा महिने मोऱ्या घासतात, बिछाने घालतात, ते आपल्याला हे जन्मभर करावयाचे नाही हे पक्के ठाऊक असताना. पुढची वर्षे त्यांना हिशेब, अर्थशास्त्र, बाजारपेठा, माणसांचे व्यवस्थापन हेच शिकावयाचे असते. रात्री रिकामी राहिलेली खोली दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, म्हणून भाव केव्हा उतरवावा आणि केव्हा चढवावा, याचे तेथे मोठे गणित आहे. आमच्या मडगावच्या मासळीबाजारात दिवेलागणीला इसवणाचा भाव उतरविणारी बाई ते गणित पाटी-पेन्सिलीवाचून जाणते, पण ते असो. तेथून बाहेर पडणारे पुष्कळ जण हॉटेलात जातही नाहीत. बँकांत, मोठमोठ्या कंपन्यांत जातात. मग ही मोरी म्हणजे केवळ एक संस्कार, मुंजीतल्या भिक्षेसारखा? घटकाभर "भवति भिक्षां देहि" म्हणावयाचे आणि झोळीतले लाडू घरी आणावयाचे?

भाचीने त्याला तेव्हा उत्तर दिले नाही. ते तिला पुढल्या वर्षी मिळाले असावे. २०२३ च्या उन्हाळ्यात ती एका मोठ्या शहरातील हॉटेलात उमेदवारीस होती. कोठल्या ते सांगण्याचे कारण नाही. तेथे खोल्या आवरण्याचे काम. दिवसाला ठरीव खोल्या. एखाद्या खोलीत पाहुण्याने उच्छाद मांडला असला तरी वेळ वाढवून मिळावयाचा नाही. तिच्या जोडीला एक पोक्त बाई होती, परदेशातून येऊन पंधरा वर्षे तेच काम करीत असलेली. खोली आवरताना आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे यावे, म्हणजे आपलीच पावले पुन्हा उमटत नाहीत, हे भाचीला शाळेत शिकविले होते. ओली चादर ओढताना कंबर कशी वाचवावी, ते या बाईने शिकविले. एके दिवशी एका पाहुण्याने त्याचे घड्याळ हरविल्याची तक्रार केली. चौकशी झाली ती त्या बाईची. भाचीला कोणी एक शब्द विचारला नाही, जरी खोली दोघींनी आवरली होती. घड्याळ संध्याकाळी पाहुण्याच्याच पेटीत सापडले. त्याने क्षमा मागितली ती व्यवस्थापकाची.

त्या रात्री भाचीने मला दूरध्वनी केला. रडत नव्हती, पण आवाज निराळा होता. "मामा, मला का विचारले नाही माहीत आहे? कारण मी सप्टेंबरात परत शाळेत जाणार होते," एवढेच ती म्हणाली.

मला त्या वेळी आमचे तारवटी आठवले. गोव्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे आगबोटींवर आचारी, वाढपे, बेकर म्हणून गेली. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावोगावच्या मंडळींच्या कुडी असत. बोट मिळेपर्यंत तेथे पेटी टेकवावयाची, आणि बोट मिळाली की निघावयाचे. त्यांना कोणी मीझ आं प्लास शिकविले नाही. हलत्या जहाजावर शेकडो माणसांचे रांधून वाढणे ते करीतच होते. त्यांनी धाडलेल्या पैशावर गावात घरे उभी राहिली, मुले डॉक्टर झाली, पण सोयरिकीच्या वेळी "बाप बोटीवर काय करतो?" या प्रश्नाचे उत्तर देताना घरच्यांचा आवाज थोडा खाली येई. ज्या विद्येपायी तारवटी मान खाली घालीत, तिच्याच प्रमाणपत्रासाठी आम्ही भाट विकले, याला काय म्हणावे?

आपल्या देशातही ही विद्या शाळेत आली ती निराळ्या दाराने आली. मुंबईत १९५४ साली पहिली हॉटेल व आहारशास्त्राची संस्था निघाली, ती लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने, अखिल भारतीय महिला अन्नपरिषदेच्या वतीने. देशात धान्याची टंचाई होती. त्या सुमारास लोकांना स्वस्त व सकस अन्न मिळावे म्हणून याच स्त्रियांनी अन्नपूर्णा नावाची उपाहारगृहे चालविली होती. लोझानची शाळा श्रीमंतांच्या हवापालटातून जन्मली आणि मुंबईची शाळा भुकेतून, हा फरक मला फार मोलाचा वाटतो. आज दोन्हींकडून बाहेर पडणारी मुले एकाच हॉटेलात नोकरीला लागतात, हे खरे. पण आपल्या शाळेने आपला जन्म विसरू नये.

भाची २०२४ च्या चतुर्थीला घरी आली होती. आमच्याकडे गणपतीला पन्नासेक माणसांचे पान असते. पहिली पंगत पुरुषांची व मुलांची, दुसरी पाहुण्यांची, आणि वाढणाऱ्या बायका सर्वांत शेवटी, चार वाजता, उरलेसुरले घेऊन बसतात. हा क्रम मी जन्मापासून पाहत आलो. भाचीने सकाळीच स्वयंपाकघरात उभे राहून घड्याळ लावले. पहिली पंगत उठून दुसरी बसेपर्यंत आमच्याकडे पाऊण तास जातो, असे तिचे निरीक्षण. पत्रावळी उचलणारे हात दोनच आणि बसून सुपारी कातरणारे हात वीस, हे त्याचे कारण. तिने मामेभाऊ, मावसभाऊ, आणि खुद्द आपले वडील यांना ओळीत उभे केले. पान कसे दुमडावे, कोणत्या हाताने उचलावे, टोपलीत कसे रचावे, हे सांगितले. मेहुण्यांनी आयुष्यात प्रथमच दुसऱ्याचे पान उचलले. त्यांच्या धोतरावर सोलकढी सांडली, आणि ते माझ्याकडे असे पाहू लागले की जणू ती शाळा मीच काढली होती.

दुसरी पंगत सतरा मिनिटांत बसली. पत्रावळी उचलावयास पूर्वी येत असे त्या बाईची सून हल्ली आमच्याकडे भांड्यांना येते. ती त्या दुसऱ्या पंगतीत, आमच्या बहिणीच्या शेजारी, बसली. आई देवघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून हे सारे पाहत होती. ती काही बोलली नाही. फक्त पान आपल्याकडे दुमडावे की पलीकडे, याबद्दल तिचे आणि भाचीचे पटले नाही, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.